जपान : अक्षरें आणि ऊन पाण्याचे झरे

१९०५ सालीं जपाननें रशियाचा पराभव केला, तेव्हां आपल्या इकडील सुशिक्षित घरांतून जणूं घरचेंच मंगलकार्य पार पडल्याचा आनंद झाला होता, असें आमचे आजोबा सांगत. आशियांतील एका राष्ट्रानें युरोपांतील एका बलाढ्य साम्राज्यास नमविलें, ही वार्ता पारतंत्र्यांतील त्या पिढीस संजीवनीसारखी वाटली. पुढील पिढ्यांनीं जपान ओळखला तो घड्याळें, कॅमेरे आणि मोटारी यांवरून. आम्हांस त्या देशाची ओढ लागली ती मात्र शाळेच्या फळ्यापाशीं. पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकवीत असतां दोन गोष्टी आमच्या वाचनांत आल्या होत्या. जपानी मुळाक्षरांचा क्रम आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर लाविलेला आहे, ही एक; आणि नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचें नेत्रोन्मीलन एका भारतीय भिक्षूच्या हातून झालें, ही दुसरी. आपल्या घरचा जिन्नस दूरच्या घरीं कसा नांदतो आहे, हें एकदां डोळ्यांनीं पाहावें, ही इच्छा सेवानिवृत्तीनंतर बळावली.

२०२४ च्या नोव्हेंबरांत, म्हणजे कार्तिक मासारंभीं, हा योग आला. आम्ही, आमच्या सौ. आणि पुण्या-ठाण्याकडील आणखी अठरा मंडळी अशा वीस जणांचा मेळा मुंबईहून निघाला. टोकियोच्या विमानतळावर आमची मार्गदर्शिका भेटली. ही जपानी बाई टोकियोंतील परकीय भाषांच्या विद्यापीठांत हिंदी शिकलेली. आम्ही शाळामास्तर होतों असें कळतांच तिनें आम्हांस 'सेन्सेई' म्हणावयास आरंभ केला. त्या शब्दाची चित्राक्षरें दोन. त्यांचा अर्थ 'आधीं जन्मलेला'. गुरूस इतकें साधें आणि निर्विवाद नांव दुसरें कोणतें असूं शकेल! ज्ञानाविषयीं शंका घेतां येते, वयाविषयीं येत नाहीं.

टोकियोच्या पहिल्याच सायंकाळीं आमची पहिली इच्छा अनपेक्षित ठिकाणीं पुरी झाली. एका कागद-पेन्सिलींच्या दुकानांत लहान मुलांसाठीं छापलेला मुळाक्षरांचा तक्ता टांगलेला होता. मार्गदर्शिकेनें बोट ठेवून वाचावयास सुरुवात केली : आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आम्हीं ऐकत असतांनाच पुढचें अक्षर ओठांवर येऊं लागलें. आपल्या क-च-ट-त-प या वर्गांचाच हा सांगाडा. 'च'च्या जागीं 'स' आणि 'प'च्या जागीं 'ह' दिसतो, त्याचें कारण उच्चार कालांतरानें बदलले. आजच्या 'ह'चा उच्चार प्राचीन जपानींत 'प' होता, असें भाषाशास्त्रज्ञांचें मत आहे. बौद्ध भिक्षु मंत्रांसाठीं सिद्धम् नांवाची भारतीय लिपि शिकत. त्या अभ्यासांतून हा क्रम तेथें रुजला. स्वर आधीं, व्यंजनें मागून, आणि व्यंजनेंहि कंठापासून ओठांकडे येणारीं, ही व्यवस्था ज्या कोणा प्राचीन वैयाकरणाच्या बुद्धींत प्रथम उगवली असेल, त्याचें नांव आज कोणासच ठाऊक नाहीं; पण टोकियोंतील पांच वर्षांचें मूल त्याच्या वाटेनें चालतें आहे! तो तक्ता आम्हीं विकत घेतला. दुकानदारानें तो भेटवस्तूप्रमाणें गुंडाळून दोन्हीं हातांनीं आमच्या हातीं दिला.

दुसऱ्या दिवशीं उएनो उद्यानांत गेलों. तेथें शिनोबाझु नांवाच्या तलावांत बेटावर बेन्झाइतेन देवीचें अष्टकोनी मंदिर आहे. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. पुष्कळ चित्रांत तिच्या हातीं वीणेऐवजीं 'बीवा' नांवाचें तंतुवाद्य असतें, आणि विद्येबरोबर धनाचेंहि खातें तिनें तेथें सांभाळलें आहे. हें मंदिर १९४५ च्या हवाई हल्ल्यांत जळालें आणि १९५८ सालीं पुन्हां उभारलें गेलें. कमळांचे देंठ थंडीनें वाळून तलावभर वांकले होते. मंदिराच्या आवारांत अनेक स्मारकशिला आहेत. त्यांत एक स्वयंपाकाच्या सुऱ्यांची आणि एक चक्क चष्म्याची! ज्या साधनानें आयुष्यभर सेवा केली, त्याचे उपकार स्मरावे, हा भाव. दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून तिला हळदकुंकूं वाहणाऱ्या आपल्या मुलांस हें कोणी समजावून सांगावयास नको. आम्हीं आपला चष्मा काढून पुसला, त्या शिळेस नमस्कार केला आणि पुन्हां डोळ्यांवर ठेविला.

टोकियोंत सौ.नीं एक हट्ट धरिला होता. मंडळी बाजारांत जाणार त्या दुपारीं आम्हीं उभयतां मेजिरो स्टेशनावर उतरून 'जपान महिला विद्यापीठा'च्या दारापर्यंत चालत गेलों. तेथें प्रेक्षणीय असें यात्रेकरूंस कांहींच नाहीं. विटांच्या इमारती, सायकली आणि वह्या छातीशीं धरून जाणाऱ्या मुली. पण मराठी माणसाच्या दृष्टीनें तें दार महत्त्वाचें आहे. नारुसे जिन्झो या शिक्षकानें १९०१ सालीं ही संस्था स्थापिली. तिच्या माहितीचें एक पुस्तक महर्षि अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं पडलें. १९१५ च्या डिसेंबरांत मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडिली आणि १९१६ सालीं तें विद्यापीठ सुरूहि केलें. स्त्रीस माणूस म्हणून, स्त्री म्हणून आणि नागरिक म्हणून शिक्षण द्यावें, हें नारुसे यांचें सूत्र. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढें गेलों नाहीं, सौ.नीं मात्र दोन मुलें सांभाळून, बाहेरून परीक्षा देऊन, कर्व्यांच्या त्या विद्यापीठाची पदवी घेतली आहे. त्या दारापाशीं क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हीं त्यांना अ आ इ दिली म्हणतां, मग मला बी. ए. यांनींच दिली कीं!" विनोदानें बोललेलें तें वाक्य पुढें प्रवासभर आमच्या मनांत राहिलें. देणें-घेणें एकाच दिशेनें वाहत नाहीं, हें आमच्या संस्कृताच्या अभिमानास कोणीतरी सांगावयास हवेंच होतें.

तिसऱ्या दिवशीं टोकियो सोडून हाकोनेच्या डोंगरांत गेलों. हाकोने-युमोतो स्टेशनापासून जी लहान आगगाडी वर चढते, ती १९१९ पासून चालू आहे. दर हजार फुटांस ऐंशी फूट असा तिचा चढ. वाटेंत तीन ठिकाणीं गाडी थांबते, चालक व रक्षक आपापल्या जागा बदलतात आणि गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढूं लागते. पूर्वीं बोरघाटांत खंडाळ्याजवळ असेंच 'रिव्हर्सिंग स्टेशन' होतें. त्याच्या गोष्टी वडिलांकडून ऐकलेल्या असल्यानें आम्हांस तो खेळ मोठा ओळखीचा वाटला. मेपलच्या पानांवर नुकती कोठें लाली चढूं लागली होती.

मुक्काम एका जुन्या पद्धतीच्या धर्मशाळावजा विश्रामगृहांत होता. अशा गृहास 'र्योकान' म्हणतात. दारांत पादत्राणें काढावयाचीं, आंत गवती चटयांची जमीन, बसावयास चौरस गाद्या आणि समोर चहा. नेसावयास 'युकाता' नांवाचा सुती अंगरखा मिळतो. तो गुंडाळतांना डावा पदर उजव्या पदरावर यावयास पाहिजे, असें मार्गदर्शिकेनें दोनदां बजावलें. कारण उलट पद्धत फक्त प्रेतासाठीं. आम्हीं सौ.स म्हटलें, "हें तर सव्य-अपसव्यच झालें." देवकार्याचें वस्त्र एका बाजूचें आणि पितृकार्याचें दुसऱ्या बाजूचें, ही मर्यादा पाळणारे लोक आपल्यास परके कसे वाटतील?

आतां त्या देशांतील मुख्य सुखाकडे, म्हणजे ऊन पाण्याच्या स्नानाकडे, वळूं. अशा झऱ्यास व त्यावरील स्नानगृहास 'ओन्सेन' म्हणतात. जपान हा ज्वालामुखींचा देश. पावसाचें पाणी भेगांतून खोल जातें, तप्त खडकांच्या सान्निध्यानें तापतें, वाटेंतील गंधक, लोह, मीठ इत्यादि द्रव्यें विरघळवून घेतें आणि पुन्हां वर येतें. १९४८ च्या कायद्यानें कोणत्या पाण्यास ओन्सेन म्हणावें हेंहि ठरविलेलें आहे : भूमींतून निघतांना तें निदान २५ अंश सेल्सिअस उष्ण असावें, किंवा ठरलेल्या द्रव्यांपैकीं एखादें ठरलेल्या प्रमाणांत त्यांत असावें. प्रत्येक स्नानगृहांत पाण्याच्या रासायनिक पृथक्करणाचा फलक टांगलेला असतो. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी असावी तसा.

स्त्रियांचें व पुरुषांचें कुंड निराळें. पण कुंडांत उतरतांना अंगावर वस्त्र म्हणून कांहींहि ठेवावयाचें नाहीं. साठी उलटलेल्या गृहस्थास हें ऐकूनच घाम फुटतो. परंतु तेथें कोणी कोणाकडे पाहत नाहीं, आणि पांच मिनिटांत संकोच वाफेबरोबर उडून जातो. कुंडाच्या अलीकडे भिंतीशीं ओळीनें नळ आणि लाकडी चौरंग मांडलेले असतात. चौरंगावर बसून, साबण लावून, नखशिखांत अंग धुवावें. साबणाचा शेवटचा फेंस निघून जाईपर्यंत पाणी घ्यावें. बसलेला चौरंगहि पुढच्यासाठीं धुवून ठेवावा. मगच कुंडांत पाय टाकावा. हातांतील लहान पंचाहि पाण्यास लागूं द्यावयाचा नाहीं. लोक त्याची घडी डोक्यावर ठेवून बसतात. आमच्या शेजारीं एक आजोबा आपल्या चार-पांच वर्षांच्या नातवास घांसून घांसून धूत होते. आमच्या खांद्यावरचें यज्ञोपवीत पाहून मुलानें बोट दाखवून कांहीं विचारलें. आजोबांनीं त्याचें बोट हळूच खालीं केलें आणि आम्हांस मान लववून नमस्कार केला. आम्हींहि केला. मग तिघेहि गळ्याइतक्या ऊन पाण्यांत बसून समोरच्या काळोख्या डोंगराकडे पाहत राहिलों.

त्या पाण्यांत बसल्या बसल्या एक विचार मनांत आला. स्नानाचें महत्त्व आपल्या धर्मशास्त्रानें जितकें सांगितलें तितकें क्वचितच कोणीं सांगितलें असेल. परंतु आपण पाण्यांत उतरतों ते शुद्ध होण्यासाठीं. हे लोक शुद्ध होऊन मग पाण्यांत उतरतात. आपल्या मनांत आपली शुद्धि असते. त्यांच्या मनांत आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाचें पाणी असतें. शुचिर्भूतपणाची ही दुसरी बाजू आमच्या कोणत्याहि आन्हिकाच्या पोथींत आम्हांस इतक्या स्पष्टपणें भेटलेली नव्हती.

हाकोने येथील ओवाकुदानी हें खोरें दोरीच्या पाळण्यांतून पाहतात. खालीं पिवळ्या गंधकाचे थर आणि जागोजाग उसळणारी वाफ. तेथील पाण्यांत उकडलेल्या अंड्याचें कवच काळें होतें आणि तें खाल्ल्यानें आयुष्य सात वर्षांनीं वाढतें, अशी समजूत आहे. आम्हीं तीं सात वर्षें सोडून दिलीं. आम्ही तेथें असतां, ७ नोव्हेंबर रोजीं, फूजी पर्वतावर त्या हंगामाचें पहिलें बर्फ दिसल्याची बातमी आली. १८९४ पासूनच्या नोंदींत इतका उशीर कधीं झाला नव्हता. दुसऱ्या दिवशीं शिंकान्सेन या अतिवेगवान गाडींतून जातांना उजव्या हाताच्या खिडकींतून तो पर्वत दिसला. माथ्यावर पांढरी रेघ होती. ही गाडी १ ऑक्टोबर १९६४ पासून धांवते आहे. खिडकीच्या कडेवर ठेविलेला आमचा चहाचा पेला क्योतोपर्यंत हिंदकळला नाहीं.

क्योतो हें हजार वर्षांहून अधिक काळ सम्राटांच्या राजधानीचें नगर. तेथील सान्जूसान्गेन्दो हें मंदिर म्हणजे सुमारें १२० मीटर लांबीची एक लांकडी ओसरी, इ. स. १२६६ मध्यें बांधलेली. आंत मधोमध सहस्रभुज अवलोकितेश्वराची बैठी मूर्ति आणि दोन्हीं बाजूंस ओळींनीं उभ्या एक हजार मूर्ति. पुढें अठ्ठावीस परिवारदेवता आहेत. त्यांपैकीं एक पंख असलेला, चोंचीचा, बांसरी वाजविणारा. त्याचें नांव 'कारुरा'. आम्हीं तें नांव दोनदां उच्चारलें आणि गरुड ओळखला! विष्णूच्या पुढें हात जोडून उभा राहणारा गरुड येथें बांसरी वाजवीत आहे, हें पाहून त्याला थोडी उसंत मिळाल्यासारखें वाटलें. त्याच ओळींत काठीवर वांकलेला एक अस्थिपंजर वृद्ध आहे; तो वसु ऋषि. तोजी नांवाच्या दुसऱ्या मंदिरांत ब्रह्मदेव चार हंसांवर आणि इंद्र हत्तीवर बसलेला पाहिला. हें मंदिर इ. स. ८२३ मध्यें कूकाई या आचार्यांच्या स्वाधीन झालें. त्यांच्या शिंगोन पंथांत अग्नींत आहुति देण्याचा विधि अजून चालतो. त्याचें नांव 'गोमा', म्हणजे आपला होम.

क्योतोंत पोटाचीहि सोय झाली. जपानांत शाकाहारी माणसाची अडचण अशी कीं, भाजीच्या रशांतहि बहुधा माशाचा अर्क असतो. पण बौद्ध मठांचा 'शोजिन' नांवाचा स्वयंपाक निखळ शाकाहारी. त्यांत कांदा-लसूणहि नाहीं. सोयाबीनच्या दुधाची साय, तिळाचें 'तोफू', समुद्रवनस्पति, लोणचीं आणि भात असें ताट लहान लहान वाट्यांतून पुढें आलें, तेव्हां सौ. म्हणाल्या, "यांचा चातुर्मास बारा महिने चालतो वाटतें!"

क्योतोहून नारा तासाभराच्या वाटेवर आहे. तोदाइजी मंदिरांतील महाबुद्ध, म्हणजे वैरोचन, सुमारें १५ मीटर उंच असून काशाचा आहे. इ. स. ७५२ मध्यें त्याचा नेत्रोन्मीलन-समारंभ झाला. त्या वेळीं हातीं कुंचला घेऊन ज्यानें मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखिल्या, तो बोधिसेन. हा भारतीय भिक्षु चीनमार्गें इ. स. ७३६ मध्यें जपानांत पोंचला आणि तेथेंच ७६० मध्यें निवर्तला. जपानी लोक त्याला 'बारामोन सोजो', म्हणजे 'ब्राह्मण संघनायक', म्हणत. त्याच्या कुंचल्यास लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनीं त्या हातांत धरिल्या होत्या. डोळे उघडण्याचें पुण्य एकट्याचें न राहतां सर्वांचें व्हावें म्हणून.

आमच्या मेळ्यांतील एका गृहस्थांनीं हें ऐकून आमच्या पाठीवर थाप मारिली : "म्हणजे गुरुजी, हें सगळें आपलेंच!" आमचाहि ऊर भरून आला, हें नाकारीत नाहीं. तेव्हां मार्गदर्शिकेनें शांतपणें पुढचा इतिहास सांगितला. इ. स. ११८० मध्यें आणि पुन्हां १५६७ मध्यें हें मंदिर युद्धाच्या आगींत जळालें. मूर्तीचें मस्तक पुन्हां ओतावें लागलें. आजची वास्तु १७०९ ची, आणि मूळ वास्तूहून अरुंद. दरवेळीं भिक्षूंनीं देशभर भिक्षा मागून द्रव्य जमविलें. आणि तो कुंचला, त्या दोऱ्या? त्या शेजारच्या शोसोइन नांवाच्या भांडारांत साडेबाराशें वर्षांहून अधिक काळ जपून ठेविलेल्या आहेत. त्या भांडारांतील निवडक वस्तु दर शरदांत थोडे दिवस संग्रहालयांत मांडतात आणि लोक तासन्‌तास रांगेंत उभे राहून त्या पाहतात.

आम्हांस वाटलें, 'आपलें' हा शब्द येथें जरा सांभाळून वापरावयास पाहिजे. बोधिसेन आपल्याकडचा खरा. पण त्याचें नांव आम्हांस कळलें तें जपानी नोंदींमुळें. आमच्या साऱ्या नोकरींत एकाहि क्रमिक पुस्तकांत तें आम्हांस भेटलें नाहीं. ज्यानें दिलें त्यानें विसरावें हें औदार्य म्हणतां येईल. पण जो पाठविला त्या माणसासच विसरणें, याला औदार्य कोण म्हणेल? वस्तु कोणाची, या प्रश्नाचें एक उत्तर तिच्या उगमांत असतें आणि दुसरें तिच्यासाठीं कोण किती वेळां भिक्षेस निघालें, यांत असतें.

नाऱ्याहून परत येऊन दुसऱ्या दिवशीं हिरोशिमास गेलों. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं सव्वाआठ वाजतां त्या शहरावर सुमारें ६०० मीटर उंचीवर अणुबॉम्ब फुटला. त्या वर्षअखेरपर्यंत सुमारें १,४०,००० माणसें मेलीं, असा अंदाज आहे. घुमटाचा सांगाडा, शांति-उद्यान आणि संग्रहालय यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. त्या उद्यानांत मेलेल्या कोरियन लोकांचेंहि स्मारक आहे. ज्या साम्राज्याच्या आरमाराचें आमच्या आजोबांच्या पिढीस कौतुक वाटलें, त्याच साम्राज्यानें कोरिया गिळला आणि चीनवर अनन्वित अत्याचार केले, हेंहि तेथें आठवावें लागतें. १९०५ च्या विजयाची वाट कोठें येऊन संपली, हें पाहतांना घशाशीं कांहीं दाटून येतें.

मार्गदर्शिकेनें आम्हां उभयतांस एका लहानशा ठिकाणीं मुद्दाम नेलें. "सेन्सेई, हें तुम्हीं पाहावें," एवढेंच ती म्हणाली. तें फुकुरोमाची प्राथमिक शाळेचें संग्रहालय. ही शाळा स्फोटकेंद्रापासून अर्ध्या किलोमीटरहूनहि जवळ होती. सिमेंटची पश्चिमेची इमारत आंतून जळून गेली, पण उभी राहिली. तेथें जखमींसाठीं मदतकेंद्र उघडलें. काजळीनें काळ्याठिक्कर पडलेल्या भिंतींवर लोक पांढऱ्या खडूनें निरोप लिहूं लागले : अमक्याचा शोध चालू आहे, अमका अमक्या ठिकाणीं आहे, अमका वारला. जळलेली भिंत फळा झाली. पुढें शाळेची डागडुजी झाली आणि तीं अक्षरें गिलाव्याखालीं गेलीं. १९९९ सालीं इमारत पाडण्यापूर्वीं तपासणी करितांना गिलावा काढला, तेव्हां अक्षरें पुन्हां दिसलीं. आतां तो भाग राखून २००२ पासून संग्रहालय केलेलें आहे.

आमच्या हातून पस्तीस वर्षांत किती खडू झिजले असतील कोण जाणे. तास संपला कीं फळा पुसावयाचा, ही आमची शिस्त. खडूनें लिहिलेलें टिकण्यासाठीं नसतेंच. त्या भिंतीपुढें उभे असतां मार्गदर्शिका एकेक ओळ वाचून अर्थ सांगत होती, आणि मधूनच ती थांबली. भाषांतर पुढें झालें नाहीं. आम्हींहि मागितलें नाहीं. जें क्षरत नाहीं तें अक्षर, ही व्युत्पत्ति आम्हीं प्रत्येक वर्गास सांगितली होती. तिचा अर्थ एखाद्या भिंतीवर असा लिहिलेला सांपडेल, असें वाटलें नव्हतें. बाहेर आलों तों शाळा सुटली होती; पिवळ्या टोप्या घातलेलीं मुलें आमच्यामधून वाट काढीत गेलीं.

शेवटचा मुक्काम क्यूशू बेटावरील बेप्पू येथें. हिरोशिमाहून कोकुरापर्यंत शिंकान्सेननें आणि तेथून समुद्रकांठच्या गाडीनें जावें. या एका गांवांत दोन हजारांहून अधिक उष्ण झरे आहेत. गल्ल्यांतून, गटारांवरील झाकणांतून, घरांच्या मागून वाफेचे लोट निघत असतात. दुरून सारें गांव स्वयंपाक करीत असल्यासारखें दिसतें. जे झरे स्नानास अति उष्ण, त्यांस तेथें 'जिगोकु', म्हणजे नरक, असें नांव आहे. एका नरकाचें पाणी निळेंशार, दुसऱ्याचें लोहयुक्त मातीनें रक्तासारखें तांबडें. गरुडपुराणांतील वैतरणी पाहावयाची असल्यास येथें यावें. प्रवेशपत्रिका काढून, रांगेनें, आणि परत येण्याच्या खात्रीनें!

कान्नावा नांवाच्या भागांत याच नरकांच्या वाफेवर भाज्या शिजवितात. आम्ही पोंचलों तो दिवस १२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी. पंढरीस त्या वेळीं वाळवंट फुललें असेल. आमच्या सौ.नीं टोपलींत रताळीं ठेवून ती वाफेच्या कोठींत सोडली आणि अर्ध्या घटकेनें काढली. नरकांत शिजलेलें रताळें उपासास चालतें किंवा नाहीं, याविषयीं धर्मसिंधूंत निर्णय आढळत नाहीं. आम्हीं विठ्ठलाचें नांव घेऊन खाल्लें. तें फार गोड होतें.

तेथेंच इप्पेन नांवाच्या भ्रमंती करणाऱ्या संतानें १२७६ सालीं सुरू केल्याचें सांगतात तें बाष्पस्नानगृह आहे. दगडी खोलीचें दार कमरेइतकें. वांकून आंत जावयाचें. जमिनीवर वेखंडाच्या जातीची एक सुगंधी वनस्पति पसरलेली असते. तिच्यावर सुती वस्त्र नेसून आठ-दहा मिनिटें पडून राहावयाचें. वेखंड, आपल्या आयुर्वेदांतील वचा! बाळाच्या जिभेवर उगाळून लावावयाची, वाणी शुद्ध व्हावी म्हणून. त्या वासानें आमच्या सौ.स आपली आजी आठवली आणि आम्हांस मुलांच्या मुंजी. सौ.चे गुडघे त्या दिवशीं बरेच हलके झाले. दोन जिने त्या हात न धरितां चढल्या.

जाऊं इच्छिणाऱ्या वृद्ध मंडळींस दोन शब्द. चालण्याची संवय महिनाभर आधीं करावी. स्टेशनांतून जिने पुष्कळ. पादत्राणें पटकन् काढतां-घालतां येतील अशीं घ्यावीं. जेवणांत माशाचा अर्क नको, हें जपानींत लिहून जवळ ठेवावें. रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या क्वचितच आढळतात. आपला कचरा आपल्या पिशवींत ठेवून मुक्कामीं न्यावा लागतो. हृदयविकार अथवा रक्तदाब असलेल्यांनीं वैद्यास विचारल्याखेरीज ऊन पाण्यांत उतरूं नये, आणि कोणींहि फार वेळ बसूं नये.

आपल्या कोंकणांतहि ऊन पाण्याचे झरे आहेत. राजापूरजवळचें उन्हाळें, दापोलीकडील उन्हवरे, ठाण्याकडील वज्रेश्वरी-गणेशपुरी हीं नांवें घरोघरीं ठाऊक आहेत. उगमाच्या दृष्टीनें आपण दरिद्री नाहीं. अक्षरांतहि नाहीं, पाण्यांतहि नाहीं. पण कुंडांत साबण लावून उभीं असलेलीं माणसें आणि कांठावर पिळलेले कपडे, हें दृश्य आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे. तेथें बदल होण्यास मोठा खर्च नको. कुंडाबाहेर चार नळ, चार चौरंग आणि पाण्याच्या पृथक्करणाचा एक फलक एवढें पुरेसें आहे. कोणा देणगीदारास देवळास घंटा द्यावयाची असेल, तर त्यानें एका वर्षीं घंटेऐवजीं चौरंग द्यावे. ज्यांनीं आपल्याकडून स्वरव्यंजनें घेतलीं, त्यांच्याकडून आपण अंग धुण्याचा क्रम घेतला, तर त्यांत कमीपणा कोणताच नाहीं. कर्व्यांनीं एक सबंध विद्यापीठ घेतलें होतें.